एक चेंडू, दोन भागीदार

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील एका संध्याकाळी पुणे स्थानकाच्या फलाटावरील हमालांना एक कोडे पडले होते. आझाद हिंद एक्स्प्रेसची वाट पाहत बारा गृहस्थ उभे होते. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, पेहराव साधा. परंतु प्रत्येकाजवळ माणसाच्या छातीपर्यंत येईल अशी एक लांब, जड पिशवी. "शेठ, यात बंदुका आहेत काय?" असे एका हमालाने अखेर विचारलेच. पिशवीची साखळी उघडून त्याला आतील लोखंडी काठ्या दाखविण्यात आल्या, तेव्हा त्याचे समाधान झाले. पण एवढ्या काठ्यांनी एकच चेंडू मारायचा, आणि त्यासाठी थेट कोलकात्याला जायचे, हे मात्र त्याला पटले नसावे.

हे बारा जण पुण्यातील एका लहानशा गोल्फमंडळाचे सभासद. मंडळाला स्वतःचे मैदान नाही, कार्यालय नाही, फलक नाही. रविवारी पहाटे येरवड्याच्या गोल्फ मैदानावर जमावे, खेळावे, एकत्र न्याहारी करावी आणि दहाच्या सुमारास घरी परतावे, एवढाच त्याचा व्यवहार. कोणी भुसार मालाचे व्यापारी, कोणी कापडाचे, कोणी औषधांचे घाऊक विक्रेते. दोन डॉक्टर आणि एक सनदी लेखापाल. मंडळाची एकमेव स्थावर-जंगम मालमत्ता म्हणजे कार्यवाहांच्या कपाटातील लाल कापडी बांधणीची एक वही. प्रत्येक सामन्याचा निकाल तीत त्याच दिवशीच्या तारखेने लिहिला जातो.

वर्षातून एकदा हे मंडळ परगावी जाते. यंदाचे आमंत्रण कोलकात्यातील अशाच एका मंडळाचे होते. तेथील सभासद रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानावर खेळतात. पुण्याहून विमानाने काही तासांत पोहोचता आले असते. परंतु परगावचा प्रवास आगगाडीनेच करायचा, हा मंडळाचा जुना नियम. सुमारे २,००० किलोमीटरचा मार्ग, दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस. विमानात माणसे शेजारी बसतात, आगगाडीत ती एकत्र राहतात, असे मंडळाचे ज्येष्ठ सभासद सांगतात.

दौंड, अहिल्यानगर, मनमाड मागे पडले ते रात्रीच. सकाळी विदर्भातील कपाशीची शेते खिडकीतून सरकू लागली आणि डब्यांची झाकणे उघडली. ठेपले, खाकरे, दशम्या, तिळाची कोरडी चटणी, मेथीचे लाडू. बारा घरांच्या स्वयंपाकघरांचे जणू प्रदर्शनच भरले. नागपूर ओलांडल्यावर कार्यवाहांनी खाकऱ्याचा रिकामा झालेला डबा पुसून घेतला आणि त्यात बारा चिठ्ठ्या टाकल्या. सामन्यासाठी जोड्या ठरवायच्या होत्या.

सामना 'फोरसम' पद्धतीचा होता. या पद्धतीत दोन भागीदार विरुद्ध दोन भागीदार असा खेळ होतो. परंतु प्रत्येक जोडीचा चेंडू एकच असतो. पहिला फटका एकाने मारला की दुसरा फटका त्याच्या साथीदाराने मारायचा, तिसरा पुन्हा पहिल्याने. एकाने चेंडू झुडपात घातला, तर तो तेथून काढण्याचे काम दुसऱ्याच्या वाट्याला येते. नफा दोघांचा, तोटाही दोघांचा. गोल्फमधील ही सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक. आणि व्यापारी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

चौथ्या जोडीच्या चिठ्ठ्या उघडल्या आणि डब्यातील बोलणे एकाएकी थांबले. दोन्ही नावे एकाच घराण्यातील होती.

ते दोघे चुलत भाऊ. थोरल्यांचे वय एकसष्ट, धाकट्यांचे चोपन्न. आजोबांनी उभी केलेली भुसाराची पेढी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात दोघांनी मिळून तेवीस वर्षे चालविली. खरेदी थोरल्यांकडे, विक्री आणि वसुली धाकट्यांकडे. एका वर्षी थोरल्यांनी तुरीचा एक मोठा सौदा भावाला न विचारता केला. भाव पडले. चार दिवसांत चढतील, मग सांगू, असे म्हणत त्यांनी ती गोष्ट मनातच ठेवली. आणि तोट्याची नोंद वहीत आली ती आठ महिन्यांनी. रक्कम पेढी बुडविण्याइतकी नव्हती. परंतु मागाहून लिहिलेली ती ओळ धाकट्यांच्या नजरेला पडली, त्या दिवसापासून त्यांना मागची सगळीच पाने संशयास्पद वाटू लागली. नातेवाइकांच्या साक्षीने वाटणी झाली. एका गाळ्याचे दोन गाळे झाले. गेली तीन वर्षे दोघांमधील बोलणे मुनिमांमार्फत होत असे. रविवारचा खेळ दोघांनीही सोडला नव्हता. फक्त ते वेगवेगळ्या चौकडीत खेळत.

"चिठ्ठी पुन्हा टाकू या," असे कोणीतरी हलक्या आवाजात सुचविले. कार्यवाहांनी दोघांकडे पाहिले. थोरले खिडकीबाहेर पाहत होते. धाकटे म्हणाले, "नियम सर्वांना सारखा. निघाली ती जोडी राहू द्या." गाडी छत्तीसगडच्या भातखाचरांमधून पुढे धावत राहिली.

हावड्याला गाडी पोहोचली तेव्हा काळोख होता. प्रतीक्षालयात थोडा वेळ घालवून मंडळी बाहेर आली आणि पहिल्याच दृश्याने सर्वांना थांबविले. समोर हुगळी, तिच्यावर धुक्याचा पातळ पडदा, आणि त्या पडद्यातून वर आलेला हावड्याचा पूल. १९४३ मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलाला नदीच्या पात्रात एकही खांब नाही. दोन काठांवरच्या मनोऱ्यांवर त्याचा सगळा भार पेलला आहे. पुलाच्या पूर्व टोकाशी, मल्लिक घाटाच्या फुलबाजारात, झेंडूच्या माळांचे पिवळे-केशरी ढीग डोक्यावर घेऊन माणसे धावत होती. त्यापलीकडे बडाबाजार. पहाटेच हातगाड्यांची रांग लागलेली, गाठोड्यांवर काळ्या शाईचे शिक्के, बोळाच्या तोंडाशी चहाचे मातीचे पेले. मार्केट यार्डात आयुष्य घालविलेल्या माणसांना हा परिसर अनोळखी वाटेना. भाषा वेगळी, परंतु हिशेबाची बोटे तीच. थोरले एका धान्याच्या दुकानासमोर उभे राहून डाळीचा दाणा तळहातावर घेऊन पाहू लागले. चार पावलांवर धाकटे दुसऱ्या पोत्यातील दाणा पाहत होते. दोघांची दाणा पारखण्याची लकब एकच होती, हे इतरांच्या लक्षात आले. बोलले मात्र कोणी नाही.

कोलकात्यात उजाडते लवकर आणि मावळतेही लवकर. देशभर घड्याळ एकच असल्याने पुण्याचा माणूस येथे काहीसा गोंधळतो. डिसेंबरात पुण्यात सात वाजण्याच्या सुमारास सूर्य उगवतो. येथे सहा वाजून काही मिनिटांनीच तो वर आलेला असतो आणि सायंकाळी पाचच्या आधी बुडतो. यजमानांनी म्हणूनच सामना सकाळी साडेसातला ठेवला होता आणि पाहुण्यांचे भोजन दुपारी साडेचारला, सूर्यास्तापूर्वी आटोपेल असे.

या शहराचे गोल्फशी नाते फार जुने आहे. १८२९ मध्ये येथे डमडम गोल्फिंग क्लब स्थापन झाला. तोच पुढे कलकत्ता गोल्फ क्लब झाला आणि १९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज भारतात आले त्या वर्षी त्याच्या नावामागे 'रॉयल' हे बिरुद लागले. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा जगातील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. मुंबईतही १८४२ मध्ये असा क्लब निघाला होता, आणि त्याने स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला भेट दिलेल्या रौप्यपदकासाठी तेथे पुढेही खेळ होत राहिला. परंतु मुंबईचा तो क्लब टिकला नाही, कोलकात्याचा टिकला.

तो टिकला यामागे व्यापार होता. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे पहिली ताग गिरणी सुरू झाली आणि पुढील काळात गिरण्यांचे व्यवस्थापक व कारागीर मोठ्या संख्येने स्कॉटलंडमधील डंडी या तागाच्या शहरातून येऊ लागले. डंडीहून सेंट अँड्र्यूज जवळच. ती माणसे येताना आपला खेळ बरोबर घेऊन आली. ताग, चहा, जहाजवाहतूक यांच्या पेढ्यांतील माणसे दिवसा एकमेकांशी भावाची घासाघीस करीत आणि सुटीच्या दिवशी एकमेकांविरुद्ध गोल्फ खेळत. कंपन्यांच्या संघांमध्ये खेळली जाणारी येथील 'मर्चंट्स कप' ही स्पर्धा शंभराहून अधिक वर्षांची आहे. दीर्घकाळ या क्लबांची दारे भारतीयांना सभासद म्हणून बंद होती, हेही या इतिहासाचेच एक पान. आज त्याच मैदानावर मारवाडी, गुजराती, बंगाली, पंजाबी घराण्यांतील माणसे खेळतात.

मैदान दक्षिण कोलकात्यात टॉलिगंज भागात आहे. अठराव्या शतकात येथील जुन्या गंगेच्या पात्रात कालवा खोदणाऱ्या टॉली नावाच्या अधिकाऱ्यावरून हे नाव पडले. रस्त्याचेच नाव गोल्फ क्लब रोड. बाहेर रिक्षांचे भोंगे, मिठाईची दुकाने, नव्या गुळाचा वास. आणि फाटकातून आत गेले की एकदम शांतता. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी तेथे पोहोचली तेव्हा धुके जमिनीलगत पसरले होते. जमीन सखल आणि सपाट. येरवड्यासारखा चढ-उतार नाही. त्याऐवजी जागोजाग तळी. पावसाळ्यात पाणी याच तळ्यांत उतरते, आणि चेंडूही. एका तळ्याच्या काठावरून कोल्ह्यांची जोडी सावकाश चालत गेली आणि झाडीत दिसेनाशी झाली.

पिशव्या वाहण्यासाठी आणि मैदानाची माहिती देण्यासाठी प्रत्येक जोडीबरोबर कॅडी होते. या माणसांचे मैदानाचे ज्ञान पिढीजात असते. याच मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया येथेच खेळ शिकला आणि पुढे २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन स्पर्धा जिंकला. चुलत भावांबरोबर आलेला कॅडी साठीचा, किरकोळ बांध्याचा, मिश्किल डोळ्यांचा होता. बंगाली रिवाजाप्रमाणे तो दोघांनाही 'दादा' म्हणे. "दादा, पानी दूर दिखता है, पास है." "दादा, हवा बाईं तरफ से." पुण्यातील त्या घरात 'दादा' हे एकाच माणसाचे नाव होते, आणि गेली तीन वर्षे ते कोणी उच्चारले नव्हते.

गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूचा एक 'हॅंडिकॅप' असतो. त्याच्या आजवरच्या खेळावरून काढलेला तो त्याच्या उणिवेचा आकडा. दुर्बळ खेळाडूला त्या प्रमाणात फटक्यांची सूट मिळते, म्हणून बाप आणि मुलगा, नवखा आणि मुरलेला, असे कोणीही समोरासमोर खेळू शकतात. सगळी व्यवस्था एकाच अटीवर उभी आहे: प्रत्येकाने आपला आकडा खरा सांगायचा. मैत्रीच्या सामन्यात पंच नसतो. दीडशे यार्डांवरच्या झुडपात तुम्ही काय केले, हे पाहायला कोणी येत नाही. आपल्यावरचा दंड आपणच जाहीर करायचा असतो.

पहिली काही होल दोघे भाऊ जवळजवळ मुक्यानेच खेळले. थोरल्यांचा फटका लांब जातो, पण भरकटतो. धाकट्यांची ताकद कमी. जवळच्या फटक्यांत मात्र हात सोन्याचा. पेढीवरही कामाची वाटणी अशीच होती. तिसऱ्या होलवर थोरल्यांनी चेंडू तळ्यात घातला. धाकट्यांनी काही न बोलता नवा चेंडू काढून टाकला. सहाव्यावर धाकट्यांचा अगदी जवळचा फटका चुकला. थोरल्यांनीही काही म्हटले नाही. परंतु एका चेंडूवर दोघांचा संसार असला की फार वेळ गप्प राहता येत नाही. "सात नंबरची काठी घ्यावी का?" असे आठव्या होलवर धाकट्यांनी विचारले, कोणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हते. "आठ घे. वारा मागून आहे," असे उत्तर आले. चेंडू ध्वजापासून चार हातांवर थांबला. दहाव्या होलपासून काठीविषयी, वाऱ्याविषयी, गवताविषयी बोलणे सुरू झाले. त्यापलीकडे नाही.

पंधरा होल झाल्यावर सामना बरोबरीत होता. सोळाव्यावर कोणालाच सूट नव्हती. धाकट्यांचा पहिला फटका उजवीकडे सुटला आणि चेंडू झाडांखाली वाळक्या पानांत जाऊन बसला. प्रतिस्पर्धी जोडी मैदानाच्या दुसऱ्या कडेला आपल्या चेंडूपाशी होती. कॅडी झाडीबाहेर जाऊन ध्वजाची दिशा पाहत होता. आता फटका थोरल्यांचा. चेंडूला टेकलेले एक पान दूर करावे म्हणून ते वाकले. पान काढण्याची मुभा नियमात आहे. मात्र ते काढताना चेंडू हलता कामा नये. पान निघाले, आणि त्याबरोबर चेंडू अर्ध्या बोटाएवढा सरकून थांबला.

धाकटे पाच पावलांवर होते. त्यांनी ते पाहिले होते. थोरल्यांना मात्र ते ठाऊक नव्हते, कारण त्यांची पाठ भावाकडे होती. आपण त्या क्षणी मुद्दाम गप्प राहिलो, असे धाकट्यांनी नंतर परतीच्या गाडीत सांगितले. डोळ्यांसमोर वहीतील ती मागाहून लिहिलेली ओळ होती, आणि आता काय होते ते पाहायचे होते.

फार वेळ लागला नाही. थोरले सरळ उभे राहिले, झाडांतून बाहेर आले, हात वर करून त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना हाक दिली आणि मोठ्याने सांगितले, "माझ्या हाताने चेंडू हलला. आमच्यावर एक फटका दंड." समोरच्या दोघांनी हात हलवून 'समजले' अशी खूण केली. मग ते भावाकडे वळले. "तुझंही नुकसान केलं मी," ते म्हणाले.

"चेंडू जागेवर ठेवा, दादा," धाकटे म्हणाले. "अजून होल बाकी आहे."

चेंडू मूळ जागी ठेवला गेला. थोरल्यांचा फटका चांगला बसला, धाकट्यांनी पुढचा चेंडू ध्वजाजवळ नेला, शेवटचा थोरल्यांनी आत घातला. पाच. प्रतिस्पर्ध्यांचे चार झाले. एका फटक्याने होल गेले.

सतराव्या होलकडे जाताना दोघे बरोबर चालत होते. बोलणे मोजकेच झाले. थोरले म्हणाले, "तुरीचं प्रकरणही मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आठ महिने रोज सकाळी ठरवत होतो, आज सांगू." धाकट्यांनी थोडा वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "आणि मी बाकीची पानं न वाचताच खोटी ठरवली." पुढे टी आली आणि फटका मारण्याची पाळी थोरल्यांची होती.

सतरावे आणि अठरावे ही दोन्ही होल बरोबरीत सुटली. जोडी एका होलने हरली. उरलेल्या पाच सामन्यांत दोन पुण्याने जिंकले होते, दोन गमावले होते, एक बरोबरीत राहिला होता. म्हणजे एकूण निकाल साडेतीन विरुद्ध अडीच. सोळाव्या होलवरचा तो एक फटका नसता, तर सामना तीन-तीन असा सुटला असता. हा हिशेब लेखापाल सभासदांनी तत्काळ मांडून दाखविला. परंतु त्यावर हळहळ व्यक्त करण्याचे धैर्य कोणाला झाले नाही.

साडेचारला जेवण झाले. छोलार डाळ, लुची, शेवटी नव्या गुळाचे संदेश. यजमान मंडळाच्या प्रमुखांनी थोरल्यांकडे पाहत बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूची आठवण सांगितली. १९२५ च्या यू. एस. ओपन स्पर्धेत गवतात चेंडू किंचित हलला, तो दुसऱ्या कोणी पाहिला नाही, तरी जोन्सने स्वतःवर दंड लावून घेतला. पुढे मूळ फेऱ्यांत बरोबरी झाली आणि अखेरच्या निर्णायक खेळात तो एका फटक्याने हरला. थोरले संकोचले. "त्यांनी मोठ्या स्पर्धेत केलं," ते म्हणाले, "मला तर भाऊ मागे उभा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं." सगळे हसले. धाकटे हसले नाहीत. त्यांनी फक्त संदेशांची ताटली भावापुढे सरकविली. बाहेर पाहता पाहता अंधार पडला आणि मैदानाच्या दिशेने कोल्ह्यांची ओरड ऐकू आली.

परतीच्या गाडीत दोघे समोरासमोरच्या बाकांवर होते. पेढी पुन्हा एक झाली, असे कोणी समजू नये. मार्केट यार्डात आजही दोन गाळे आहेत आणि दोन पाट्या. मुले आपापल्या गाळ्यावर बसतात, आणि झालेली वाटणी मोडण्याचा विषय कोणी काढलेला नाही. पण तुरीच्या हंगामात भाव काय लागला, हे विचारायला आता मुनीम पाठवावा लागत नाही.

रायपूरच्या पुढे कार्यवाहांनी लाल वही काढली. निकाल सामन्याच्या दिवशीच लिहिला होता. आता फक्त तो सर्वांना वाचून दाखवायचा होता. चौथ्या जोडीची ओळ आली तेव्हा थोरल्यांनी त्यांना थांबविले आणि विचारले, "दंड लिहिला का?"

"निकालात दंड वेगळा लिहीत नाहीत," कार्यवाह म्हणाले.

"लिहा. त्याच दिवसाच्या तारखेखाली."

वही धाकट्यांकडे देण्यात आली, कारण त्यांचे अक्षर चांगले होते. गाडी हलत होती, म्हणून त्यांनी पुढच्या स्थानकाची वाट पाहिली. दुर्गला गाडी थांबल्यावर त्यांनी निकालासमोर लिहिले: सोळावे होल, दंड एक, स्वतः जाहीर. मग वही भावापुढे धरली. थोरल्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि खाली सही केली. पुढील वर्षी कोलकात्याचे मंडळ पुण्याला येणार आहे. जोड्या तेव्हाही चिठ्ठ्या टाकूनच ठरतील.